जॉन मोर्ले : एका राजीनाम्याचे मौन

युद्धाचा निर्णय घेतलेल्या सरकारला बाहेरच्या टीकाकारांची फारशी चिंता नसते. त्यांना भेकड किंवा शत्रूचे हस्तक ठरविण्याची सोय प्रत्येक काळात उपलब्ध असते. खरी अडचण होते ती आतल्या माणसाची. ज्याने कागदपत्रे पाहिली आहेत, मंत्रिमंडळाच्या बैठकीत कोण काय बोलले हे ज्याला ठाऊक आहे, असा माणूस युद्धासाठी दिली जाणारी कारणे आणि युद्धाची खरी कारणे यांत अंतर आहे असे म्हणू लागला, तर त्याचे काय करायचे? बडतर्फी, तुरुंग आणि चारित्र्यहनन हे मार्ग परिचयाचे आहेत. संसदीय राज्यपद्धतीत मात्र आणखी एक मार्ग असतो. अशा माणसाचा राजीनामा पूर्ण आदराने स्वीकारायचा आणि त्याच्या कारणांची वाच्यता होणार नाही अशी व्यवस्था करायची. ऑगस्ट १९१४मध्ये ब्रिटनच्या उदारमतवादी सरकारने लॉर्ड मोर्ले यांच्याबाबत हेच केले आणि मोर्ले यांनीही ते होऊ दिले.

मोर्ले हे नाव आपल्याकडे क्रमिक पुस्तकांतील मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे सर्वांना माहीत आहे. लोकमान्य टिळक मंडालेला गेले तेव्हा लंडनमध्ये भारतमंत्री तेच होते. परंतु त्यांच्या आयुष्याची कसोटी पाहणारा प्रसंग भारतमंत्रिपद सोडल्यानंतरचा आहे, आणि तो आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो.

मिलचा शिष्य

जॉन मोर्ले यांचा जन्म २४ डिसेंबर १८३८ रोजी लँकेशायरमधील ब्लॅकबर्न या गावी झाला. वडील शल्यचिकित्सक होते. मुलाने ऑक्सफर्डमध्ये शिकून धर्मोपदेशक व्हावे, ही त्यांची इच्छा. ऑक्सफर्डमध्ये मुलाची श्रद्धाच डळमळली, वडिलांशी बेबनाव झाला आणि मोर्ले शिक्षण आटोपते घेऊन लंडनमध्ये लेखणीवर पोट भरू लागले. १८६७ ते १८८२ अशी पंधरा वर्षे त्यांनी ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’चे संपादन केले. निनावी लेखांच्या त्या काळात लेखकाच्या नावासह लेख छापणे हे या नियतकालिकाचे धोरण होते. ज्याला मत आहे त्याने ते आपल्या नावाने मांडावे, हा त्यामागचा विचार मोर्ले यांच्या स्वभावाशी जुळणारा होता.

जॉन स्टुअर्ट मिल हे त्यांचे गुरू. बर्क, व्होल्तेअर, रूसो आणि दिदेरो यांच्यावर मोर्ले यांनी ग्रंथ लिहिले. पुढे कॉब्डेन यांचे आणि १९०३मध्ये ग्लॅडस्टन यांचे तीन खंडांतील चरित्र त्यांनी सिद्ध केले. १८७४मधील ‘ऑन कॉम्प्रमाइज’ हे त्यांचे छोटे पुस्तक तर तडजोडीची मर्यादा कोठे संपते याच प्रश्नावर आहे. व्यवहारात तडजोड करावी लागते, पण स्वतःला पटलेले मत झाकून ठेवण्याची सवय माणसाला आणि समाजाला पोखरते, असा त्याचा आशय आहे. हे पुस्तक त्यांच्या पुढच्या आयुष्याच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे.

१८८३मध्ये ते न्यूकॅसलहून कॉमन्स सभेत आले. ग्लॅडस्टन यांनी त्यांना दोनदा आयर्लंडचे मुख्य सचिव नेमले. आयर्लंडला स्वराज्य द्यावे आणि तेथील दडपशाहीचे कायदे रद्द व्हावेत, असा त्यांचा आग्रह होता. १८९९मध्ये बोअर युद्ध उभे राहिले तेव्हा मँचेस्टरच्या सभेत त्यांनी त्या युद्धाला उघड विरोध केला. युद्धविरोधकांना तेव्हा बोअरांचे पक्षपाती म्हणून हिणवले जाई. डिसेंबर १९०१मध्ये बर्मिंगहॅमच्या सभेवर जमावाने हल्ला केला, तेव्हा लॉइड जॉर्ज यांना पोलिसाच्या वेषात निसटावे लागले. मोर्ले आणि लॉइड जॉर्ज त्या वेळी एका बाजूला होते.

भारतमंत्र्यांच्या दोन भाषा

डिसेंबर १९०५मध्ये मोर्ले भारतमंत्री झाले. त्याच महिन्यात बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून नामदार गोखले यांनी या नियुक्तीचे स्वागत केले. बर्कचा अभ्यासक, मिलचा शिष्य आणि ग्लॅडस्टनचा चरित्रकार भारताचा कारभार पाहणार म्हणून त्यांना आशा वाटत होती, पण तिच्यात धाकधूकही मिसळलेली होती. पुढे लंडनमध्ये गोखले त्यांना वारंवार भेटले. या संबंधातून काही गोष्टी निश्चित साधल्या. १९०७मध्ये भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर कृष्ण गोविंद गुप्त व सय्यद हुसेन बिलग्रामी हे दोन भारतीय आले. १९०९मध्ये सत्येंद्र प्रसन्न सिंह व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले आणि त्याच वर्षी कायदेमंडळांचा विस्तार करणारा कायदा झाला. त्या कायद्याने विभक्त मतदारसंघही आले आणि त्यांची किंमत देशाने पुढे मोजली.

या सुधारणांना दुसरी बाजू होती. मे १९०७मध्ये लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना १८१८च्या रेग्युलेशनखाली, कोणत्याही खटल्याविना, मंडालेला हद्दपार करण्यात आले. आयर्लंडमध्ये विनाचौकशी स्थानबद्धतेचा धिक्कार करणाऱ्या मोर्ले यांनी कॉमन्स सभेत त्या कृतीचे समर्थन केले. १९०८ आणि १९१०चे वृत्तपत्रविषयक कठोर कायदेही त्यांच्याच संमतीने झाले.

२४ जून १९०८ रोजी मुंबईत टिळकांना अटक झाली. जुलैत न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर खटला चालून त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मोर्ले यांना हा खटला मनापासून मान्य नव्हता. आपला सल्ला घेतला असता तर टिळकांच्या वाटेला जाऊ नये असेच आपण सांगितले असते, असे त्यांनी मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांना खासगी पत्रातून कळविले. डिसेंबर १९०८मध्ये बंगालमधील नऊ पुढाऱ्यांना हद्दपार करण्यात आले, तेव्हाही त्यांच्या सुटकेसाठी ते व्हाइसरॉय मिंटो यांच्यामागे लागले होते. मात्र जाहीरपणे त्यांनी आपल्या प्रशासनाच्या पाठीशी उभे राहण्याचाच रिवाज पाळला. मतभेद पत्रांत राहिला आणि टिळक मंडालेत राहिले.

या वर्तनाला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. मोर्ले यांच्या लेखी मंत्र्याची निष्ठा ही खरोखरच एक नैतिक गोष्ट होती. आपल्या गव्हर्नरला उघड्यावर पाडले तर राज्ययंत्रणा चालणार नाही, असे त्यांना वाटे. सचिवालयात आयुष्य घालविलेल्या कोणालाही हा युक्तिवाद परका वाटणार नाही. फाइलवर आपले मत नोंदवायचे आणि बाहेर निर्णयाची पाठराखण करायची, ही शिस्त आपल्याही प्रशासनाला त्याच परंपरेतून मिळाली आहे. प्रश्न असा की, निर्णय एखाद्या खटल्याचा नसून लाखो माणसांच्या जिवाचा असेल, तेव्हाही ही शिस्त पुरते का? मोर्ले यांच्यापुढे तो प्रश्न सहा वर्षांनी आला.

ऑगस्ट १९१४

१९१० साली भारतमंत्रिपद सोडून मोर्ले लॉर्ड प्रेसिडेंट ऑफ द कौन्सिल झाले. काम हलके, मान मोठा. १९०८पासून ते लॉर्ड्स सभेत होते. परराष्ट्र खात्यात काय चालले आहे यावर त्यांची नजर असे. फ्रान्स व ब्रिटनच्या सेनाधिकाऱ्यांत १९०६पासून बोलणी चालली असून बहुतेक मंत्र्यांना त्यांची कल्पना नाही, हे उघड झाल्यावर नोव्हेंबर १९११मध्ये त्यांनी तो विषय मंत्रिमंडळात उपस्थित केला. मंत्रिमंडळाच्या पूर्वसंमतीविना देशाला लष्करी हस्तक्षेपाला बांधून घेणारी बोलणी होऊ नयेत, असे तेव्हा ठरले. १९१२च्या नोव्हेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री ग्रे आणि फ्रेंच राजदूत कांबाँ यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली. ही बोलणी म्हणजे वचन नव्हे, असे त्यांत नमूद होते.

२८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. जुलैच्या अखेरीस युरोप युद्धाच्या काठावर आला. ब्रिटिश मंत्रिमंडळात सुरुवातीला बहुमत युद्धाबाहेर राहण्याच्या बाजूचे होते. मोर्ले यांची भूमिका स्पष्ट होती. फ्रान्सच्या बाजूने लढणे म्हणजे रशियाच्या झारशाहीच्या बाजूने लढणे आणि जर्मनी हरली तर युरोपात वरचढ ठरेल ती ही झारशाही. ज्या मैत्रीला आपण कधी करार म्हटले नाही, ती आता करारासारखी वापरली जात आहे, हा त्यांचा दुसरा आक्षेप. युद्धाने रोजगार विस्कटतील आणि देशात असंतोष माजेल, हेही ते सांगत होते.

रविवार, २ ऑगस्ट रोजी मंत्रिमंडळाची दोनदा बैठक झाली. जर्मन आरमार खाडीत उतरून फ्रेंच किनाऱ्यावर चालून आले, तर ब्रिटिश आरमार संरक्षण देईल, असे आश्वासन फ्रान्सला देण्याचे ठरले. मोर्ले यांच्या मते युद्धाचा निर्णय झाला तो येथेच. जर्मनीचा बेल्जियमवरील हल्ला अजून व्हायचा होता. व्यापारमंत्री जॉन बर्न्स यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. सोमवारी मोर्ले यांचे पत्र पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांच्या हाती पडले. अ‍ॅटर्नी जनरल सर जॉन सायमन आणि बांधकाममंत्री लॉर्ड बीचम यांनीही राजीनामे दिले.

चार मंत्री एकदम बाहेर पडणे म्हणजे सरकार कोसळण्याचा धोका. अ‍ॅस्क्विथ यांनी तो ज्या रीतीने हाताळला, ती पाहण्यासारखी आहे. त्यांनी कोणाला धमकावले नाही. त्यांनी भावनिक आवाहन केले आणि चौघांकडे इतकीच मागणी केली की, आज काही बोलू नका आणि सभागृहात नेहमीच्या जागी बसा. चौघांनी ते मानले. ३ ऑगस्टच्या दुपारी ग्रे कॉमन्स सभेत बोलायला उभे राहिले, तेव्हा मंत्रिमंडळ फुटल्याची खूणही बाकांवर दिसत नव्हती. ग्रे यांनी १९१२चे पत्र सभागृहाला वाचून दाखविले. प्रत्यक्ष कृतीची वेळ आल्यास दोन्ही सेनांच्या मुख्यालयांनी आखलेल्या योजना विचारात घेतल्या जातील, हे त्यातील शेवटचे वाक्य मात्र वाचले गेले नाही.

सायमन आणि बीचम यांनी राजीनामे मागे घेतले. मोर्ले यांनाही अ‍ॅस्क्विथ यांनी फेरविचाराची विनंती केली. त्यांनी ती नाकारली. ४ ऑगस्टच्या रात्री ११ वाजता निर्वाणीच्या खलित्याची मुदत संपली आणि ब्रिटन युद्धात उतरले. दुसऱ्याच दिवशी मोर्ले यांच्या रिकाम्या जागी लॉर्ड बीचम यांची नेमणूक झाली. राजीनामा मागे घेणाऱ्याला राजीनाम्यावर ठाम राहिलेल्याचे पद मिळाले. ६ ऑगस्ट रोजी कॉमन्स सभेने युद्धासाठी दहा कोटी पौंडांची मागणी मंजूर केली. त्या दिवशी पंतप्रधानांनी युद्धाच्या समर्थनार्थ बेल्जियमला दिलेले वचन आणि लहान राष्ट्रांचे रक्षण ही दोन कारणे पुढे ठेवली.

राजीनामा देणाऱ्या मंत्र्याने सभागृहात निवेदन करण्याची प्रथा त्या संसदेत जुनी होती. मोर्ले यांनी लॉर्ड्स सभेत निवेदन केले नाही. बर्न्स यांनीही कॉमन्स सभेत तोंड उघडले नाही. मोर्ले पंचाहत्तरीत होते आणि पूर्वी अनेकदा राजीनाम्याची भाषा करून त्यांनी ती मागे घेतलेली होती. त्यामुळे वृद्ध माणूस थकून घरी गेला, एवढाच अर्थ लोकांनी काढला तर त्यात नवल नव्हते. सरकारलाही याहून अधिक काही नको होते.

जे बोलले त्यांचे काय झाले

मौनाची किंमत कळण्यासाठी बोलणाऱ्यांकडे पाहावे लागते. शिक्षण खात्याचे संसदीय सचिव चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनीही युद्धाच्या प्रश्नावर पद सोडले. मेकॉलेच्या बहिणीचे हे नातू. ई. डी. मोरेल, रॅम्से मॅकडोनाल्ड, नॉर्मन एंजल आणि आर्थर पॉन्सन्बी यांच्यासह त्यांनी एक संघटना उभारून गुप्त राजनीतीविरुद्ध प्रचार सुरू केला. मॅकडोनाल्ड यांना मजूर पक्षाच्या संसदीय गटाचे नेतृत्व सोडावे लागले होतेच. १९१५मध्ये ‘जॉन बुल’ या साप्ताहिकाने त्यांच्या जन्माचा दाखला छापून ते अनौरस असल्याचा डंका पिटला. मोरेल यांनी आपली पुस्तिका स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांच्याकडे पोहोचविण्याचा प्रयत्न केला. एवढ्यावरून १९१७मध्ये त्यांना सहा महिने पेंटनव्हिलच्या तुरुंगात काढावे लागले. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे केंब्रिजमधील अध्यापकपद १९१६मध्ये गेले आणि १९१८मध्ये त्यांनाही तुरुंगवास घडला.

जर्मनीतही असाच एक आतला माणूस होता. लंडनमधील जर्मन राजदूत प्रिन्स लिख्नोव्स्की यांनी जुलै १९१४मध्ये बर्लिनला वारंवार सावध केले होते. युद्ध ब्रिटनने लादले, ही आपल्या सरकारची भूमिका खोटी आहे, असे टिपण त्यांनी १९१६मध्ये मोजक्या मित्रांसाठी लिहिले. ते फुटले आणि १९१८मध्ये जगभर छापले गेले. त्याच वर्षी प्रशियाच्या उमरावांच्या सभेने त्यांना बाहेर काढले. लिख्नोव्स्की यांचे टिपण शत्रुराष्ट्राच्या सरकारविरुद्ध असल्याने दोस्तराष्ट्रांनी ते आनंदाने वाटले. स्वतःच्या सरकारविरुद्धचे असे टिपण मोर्ले यांच्या टेबलाच्या खणात होते, हे थोड्यांनाच माहीत असावे.

राजीनाम्यानंतर लवकरच मोर्ले यांनी त्या दहा-बारा दिवसांची हकिगत लिहून ठेवली होती. १९१७मध्ये त्यांच्या आठवणींचे दोन खंड निघाले. त्यांत मिंटो यांना लिहिलेली पत्रे विस्ताराने आहेत, पण राजीनाम्याची ही हकिगत नाही. तोवर युद्ध चालू होते आणि लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले होते. बोअर युद्धातील हा जुना साथी १९१४मध्ये आपल्याबरोबर येईल, ही मोर्ले यांची अपेक्षा फोल ठरली होती. २३ सप्टेंबर १९२३ रोजी विम्बल्डन येथे मोर्ले यांचे निधन झाले. त्यांचे टिपण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले ते १९२८मध्ये, म्हणजे घटनेनंतर चौदा वर्षांनी.

त्याच वर्षी सर जॉन सायमन एका कमिशनचे अध्यक्ष म्हणून भारतात होते. ऑक्टोबर १९२८मध्ये लाहोरला या कमिशनच्या विरोधातील मोर्चात लजपतराय यांच्यावर लाठ्या पडल्या आणि नोव्हेंबरात त्यांचा मृत्यू झाला. मोर्ले यांच्या संमतीने हद्दपार झालेले लजपतराय आणि मोर्ले यांच्याबरोबर राजीनामा देऊन तो परत घेणारे सायमन असे लाहोरात समोरासमोर आले.

न सांगितलेल्या कारणांची किंमत

मोर्ले यांचे विश्लेषण सर्वस्वी बरोबर होते असे नाही. बेल्जियमवरील आक्रमण खरे होते आणि तेथील नागरिकांची कत्तलही खरी होती. बेल्जियमचा प्रश्न हे निव्वळ निमित्त होते, असे मानणाऱ्या मोर्ले यांनी त्याचे वजन कमी लेखले, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. रशियाच्या विजयाची त्यांना भीती होती. प्रत्यक्षात झारशाहीच १९१७मध्ये कोसळली. ६ ऑगस्टला त्यांनी निवेदन केले असते तर युद्ध टळले असते, असेही कोणी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मंत्रिमंडळाच्या आतून आलेली एक साक्ष संसदेपुढे आली असती. फ्रान्सला दिलेला शब्द बेल्जियमच्या आधीचा होता, हे मतदान करणाऱ्या सभासदांना कळले असते. पुढे शांततेच्या अटी आणि युद्धाची उद्दिष्टे यांवर वाद झाले, तेव्हा त्या साक्षीचा उपयोग झाला असता. आपले पद त्यांनी निःसंकोच सोडले. मात्र आपल्याजवळची माहिती त्यांनी सरकारच्या सोयीसाठी राखून ठेवली, आणि ‘ऑन कॉम्प्रमाइज’च्या लेखकाकडून ही अपेक्षा नव्हती.

आपल्या संसदेने राजीनामा देणाऱ्या मंत्र्याला अध्यक्षांच्या संमतीने निवेदन करण्याची तरतूद नियमांतच ठेवली आहे. १९५६मध्ये चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले, तेव्हा मंत्रिमंडळात निर्णय कसे घेतले गेले हे त्यांनी लोकसभेत उभे राहून पंतप्रधान नेहरूंच्या समक्ष सांगितले. तो वाद युद्धाचा नव्हता, पण आतल्या माणसाने कारणांसह बाहेर पडणे म्हणजे काय, याचा तो नमुना आहे.

१९१४मध्ये युद्धात उतरताना भारताला कोणी विचारले नाही. जवळपास पाच वर्षे या देशाचे मंत्री राहिलेल्या माणसाने युद्धाला विरोध का केला, हेही भारताला कळले नाही. जूनमध्ये मंडालेहून सुटून पुण्यात परतलेल्या टिळकांनी ऑगस्टच्या अखेरीस या संकटात सरकारला साहाय्य करण्याचे जाहीर आवाहन केले. त्यांच्यापुढे जी कारणे होती ती लंडनने जाहीर केलेली. नोव्हेंबर १९१४मध्ये भारतीय फौजा इराणच्या आखाताच्या टोकाशी फाव येथे उतरल्या. बेल्जियमचे रक्षण आणि बसऱ्याची मोहीम यांचा संबंध शिपायांना कोणी समजावून सांगितल्याचे ऐकिवात नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंड यांच्या सैन्याने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. कैद झालेल्यांत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींचे जवान होते, आणि त्यांतील कित्येक कैदेतच मेले.

१९३१मध्ये दिल्लीत इंडिया गेट उभे राहिले ते त्या युद्धातील सुमारे सत्तर हजार भारतीय मृतांच्या स्मरणार्थ. त्यावर कोरलेली नावे वाचायला सुट्टीच्या दिवशी मराठी कुटुंबेही थांबतात. मोर्ले यांचे टिपण तोवर छापून तीन वर्षे झाली होती.